बाबांच्या वयाचा कोरियन

शिरगावच्या आमच्या छोट्या फ्लॅटमध्ये मी बारावीच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवते. दरडोई उत्पन्नाच्या धड्याला मुलं हमखास पेंगतात. देशाचं एकूण उत्पन्न भागिले माणसं, संपलं. म्हणून गेल्या वर्षी मी कोपऱ्यात पेपर वाचत बसलेल्या बाबांनाच उदाहरणात ओढलं. म्हटलं, समजा, यांच्याच वयाचा एक माणूस दक्षिण कोरियात आहे. दोघं पाळण्यात होते तेव्हा दोन्ही देश साधारण सारखेच गरीब. मग फळ्यावर दोन रेघा काढल्या. सुरुवातीला एकमेकींना चिकटलेल्या, पुढे एक अशी चढली की फळाच पुरेना.

मुलं हसली. बाबांनी पेपर खाली ठेवला.

"मी अंबरनाथला कारखान्यात लागलो, तेव्हा कुठं पोचला होता तो?"

"पुढे गेला होता, बाबा."

"आणि कंपनीला टाळं लागलं तेव्हा?"

"खूप पुढे."

नुसते डॉलरचे रुपये करून तुलना होत नाही, दोन्हीकडचे भाव बघावे लागतात, असं मी समजावलं. "म्हणजे तिकडे वडापाव महाग," बाबा म्हणाले. "तरी पण पुढेच ना?" तरी पण पुढेच होता.

तो माणूस मग आमच्याकडे राहायलाच आला. जेवताना बाबा म्हणायचे, त्याचे गुडघे दुखत नसतील. लाईट गेली की, त्याच्याकडे जात नसेल. लहानपणी मार्कांवरून शेजारच्या मुलीशी माझी तुलना व्हायची, तसा मला त्याचा राग येऊ लागला.

बाल्कनीजवळची खुर्ची बाबा रिकामी ठेवू लागले. सोनिवलीहून येणाऱ्या एका मुलीनं तिथे बॅग ठेवली, तर ओरडले, "उचल ती! माणूस बसलाय."

"मिस, मी तिकडे नाय बसणार हां," ती हळूच म्हणाली. तेव्हापासून कुणीच बसलं नाही. झाडताना मीसुद्धा त्या खुर्चीखाली केरसुणी जपून फिरवायची. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

शेवटी एकदा माझं डोकं फिरलं. "बाबा, असा कुणी माणूस नाहीये! ती सरासरी आहे. सरासरीला गुडघे नसतात."

त्यांनी विचारलं, "आणि खालची रेघ? आपली?"

"ती पण सरासरीच."

"म्हणजे मी पण नाही." हिशोब पटल्यासारखी त्यांनी मान हलवली.

"तुम्ही आहात हो बाबा," मी म्हटलं. ते बाल्कनीकडे बघत होते.

पुढे बाबा विसरायला लागले. आधी वस्तू, मग माणसं. डॉक्टरांनी वयाचं कारण सांगून गोळ्या दिल्या. मला एकच धास्ती होती, की एक दिवस ते मलाही ओळखणार नाहीत.

गेल्या रविवारी भर दुपारी, मुलं गेल्यावर, ते आतल्या खोलीतून बाहेर आले. इस्त्रीचा शर्ट, नीट पाडलेला भांग. दारात थांबून त्यांनी हात जोडले.

"नमस्कार."

घरीदारी आयुष्यभर जयभीम म्हणणारा माणूस.

"घर छान आहे तुमचं, ताई." आवाज बाबांचा आणि बोलणं पाहुण्याचं. ते सरळ त्या खुर्चीत जाऊन बसले. "ते आहेत का? माझ्याच वयाचे. अंबरनाथला कारखान्यात होते."

कोण, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही. "येतील एवढ्यात."

"बरं चाललंय ना त्यांचं?"

वर्गात याचं उत्तर मी दरवर्षी खडूनं लिहिते. "हो," मी म्हटलं. "चांगलं चाललंय."

"मुलगी आहे ना त्यांना एक? ती सांभाळते?"

मला रडू फुटलं. परक्या बाईचं रडणं बघू नये म्हणून त्यांनी तोंड बाहेर वळवलं. मी डोळे पुसले, चहा ठेवला, त्यांच्या हातात कप दिला आणि समोर बसले. आम्ही दोघं बाबांची वाट बघत राहिलो.