दोन नामदेव आणि आमचे अप्पा

अप्पांची आणि माझी पहिली ओळख त्यांच्या दाराच्या चौकटीने करून दिली. चौकट ठेंगणी होती. येणारा जाणारा मान लववून आत जाई. माझी मान लवत नव्हती. मी सरळ चालत गेलो आणि कपाळ आपटून तिथेच मटकन बसलो. आवाज ऐकून आतून एक उंच, काळेसावळे गृहस्थ तपकिरीची डबी हातात घेऊन बाहेर आले. "मान वाकत न्हाय व्हय?" त्यांनी विचारले. मी "न्हाय" म्हणालो. "मग तुमी आत कशाला येता? मी येतो की बाहेर," असे म्हणून ते ओट्यावर माझ्याशेजारी बसले. सिद्रामप्पा वकील ते हेच. पुढे माझा दावा चालला तितके दिवस ते माझ्याशी ओट्यावर बसूनच बोलले, थंडीतही.

अप्पांच्या अमृतमहोत्सवाच्या या ग्रंथात त्यांच्या विद्वत्तेविषयी जाणती वकील मंडळी लिहितीलच. मी आधी त्यांचा पक्षकार आणि मग जन्मभराचा मुन्शी. मुन्शी म्हणून मला त्यांचे पुष्कळ कळले. पक्षकार म्हणून मात्र तेव्हा जो गोंधळलो तो अजून पुरता सावरलेलो नाही. म्हणून तेच लिहितो.

निजामाचे राज्य होते आणि लढाईचे दिवस होते. मी तामलवाडीला शिवणकाम करीत असे. दोरे, गुंड्या आणायला सोलापूरला गेलो होतो. पेट्रोल मिळत नव्हते, म्हणून मोटारी कोळशाच्या भट्टीवर चालत. आमची मोटारही तशीच धापा टाकत येत होती आणि टपावर पोत्यांची चळत होती. करोडगिरीचा, म्हणजे निजामाच्या जकातीचा, नाका ओलांडून गाडी गावाजवळच्या ओढ्यात कलली आणि उलटली. माझे हाड मोडले नाही, रक्तही फारसे आले नाही. पण मान आणि पाठ अशी धरली की मशीनवर ओणवे होणे संपले. शिंप्याने ओणवे व्हायचे नाही म्हणजे त्याने खायचे काय? घरात विधवा आई, बायको, दोन लेकरे. थोरले बंधू दगडूदादा सोलापूरच्या गिरणीत, त्यांचे त्यांनाच पुरत नव्हते.

भरपाई मागायची तर कुणाकडे, हेच मला कळेना. मोटारीचा धनी सोलापूरचा, म्हणजे इंग्रजी हद्दीतला. ओढा निजामाचा. पोती कुणा तिसऱ्याची आणि मान माझी. एकाने सांगितले सोलापूरला जा, दुसरा म्हणाला उस्मानाबादला जा, तिसरा म्हणाला ड्रायव्हरला धर. अप्पा म्हणाले, "ओढा आपला हाय, दावा हितंच लागंल. आन् ड्रायव्हरचं नाव काढू नका. त्यानं पोती चढवली न्हायती, धन्यानं चढवायला लावली." त्या गरीब ड्रायव्हरला त्यांनी आरोपातून वगळले तेव्हा मी मनातून चिडलो होतो. पुढे त्यानेच अदालतीत उभे राहून पोत्यांची हकिगत सांगितली.

अदालतीचे कामकाज सगळे उर्दूत. पुकारा झाला की 'मुद्दई' म्हणून माझ्याकडे बोट दाखवीत. दावा लावणाऱ्याला असे म्हणतात हे मला ठाऊक नव्हते. मीच आरोपी आहे अशा समजुतीने मी घाम पुसत उभा राही. त्यातच एक दिवस पाहतो तो काय, मोटारीचा धनी अप्पांच्या घरी पंगतीला बसून भाकरी मोडतो आहे! वाढणारे अप्पाच, आणि आग्रहही त्यांचाच. माझे डोकेच फिरले. हा माणूस नेमका कुणाचा? मी ओट्यावर रुसून बसलो. अप्पांनी हात धुतले, बाहेर आले आणि म्हणाले, "भांडण अदालतीत हाय. तिथं मी त्याला सोडणार न्हाय. पर दुपारच्या वक्ताला दारात आलेला माणूस उपाशी घालवायचा का?" मला ते पटले नाही. आज पटते, पण अशी पंगत वाढायची छाती माझ्यात अजून नाही.

समोरच्या वकिलांचा मुद्दा एकच होता. हाड मोडलेले नाही, मग दुखते कुठे? दुखणे काही काढून टेबलावर ठेवता येत नाही. अप्पांनी माझ्या बायकोकडून दोन बंड्या मागवल्या, एक अपघाताआधी मी शिवलेली आणि एक नंतर ताठ बसून कशीबशी शिवलेली. न्यायासनावरच्या मुन्सफसाहेबांपुढे त्यांनी दोन्ही उलट्या करून पसरल्या. पहिलीची शिवण सरळ होती. दुसरीची शिवण ओढ्याकाठच्या पायवाटेसारखी भरकटत गेली होती. साहेब हैदराबादचे, अदबशीर, मितभाषी. त्यांनी शिवणीवरून बोट फिरवले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिले. दावा आता आपल्याकडे झुकला असे वाटले. मी घरी जाऊन बायकोला गोड करायला सांगितले.

पुढच्याच तारखेला सगळे मुसळ केरात गेले. समोरच्यांनी तुळजापूरच्या एका हारवाल्याला साक्षीला आणले. माणूस सज्जन होता, खोटे बोलणाऱ्यातला नव्हता. त्याने देवीची शपथ घेऊन सांगितले, "नामदेव शिंप्यानं देवळाभवती लोटांगण घातलं. ह्यांची आई म्होरं चालत व्हती, 'नामदेवा, दमानं घे' म्हणत व्हती. म्या कानानं आयकलं." अदालतीत खसखस पिकली. ज्याची मान लवत नाही, पाठ वळत नाही, तो दगडी फरशीवर लोळत देवळाला फेरी घालतो? समोरचे वकील खाली बसले ते मिशीला पीळ देतच.

आता खरे काय घडले ते सांगतो. आज ते सांगायला हरकत का नाही, ते शेवटी कळेलच. मी ओढ्यातून जिवंत निघालो तेव्हा आईने आईभवानीला माझ्या लोटांगणाचा नवस बोलला होता. मला तर गुडघा टेकणेही जमेना. नवस थकला तर देवी कोपेल म्हणून आई झोपेना. आमच्या घरची जुनी रीत अशी, की ज्याचा नवस त्याला झेपत नसेल तर घरच्या दुसऱ्याने त्याचे कपडे अंगावर घालायचे आणि त्याच्या नावाने फेडायचे. त्या कामापुरता फेडणारा हाच नवसाचा माणूस होतो. त्याला हाकही त्याच नावाने मारायची. आणि नंतर कधीही, कुणाहीपुढे, 'दुसऱ्याने फेडला' असे म्हणायचे नाही. म्हटले की नवस उलटतो. दगडूदादा माझा सदरा कसाबसा अंगात चढवून, माझी टोपी घालून लोळत गेले. मी मागून ताठ मानेने नारळ घेऊन चालत होतो.

मुन्सफसाहेबांनी मला विचारले, "लोटांगण तुम्ही घातलंत?" मी म्हणालो, "न्हाय." "मग कुणी?" मी आईकडे पाहिले. पाहिले म्हणजे सगळे अंग वळवून पाहिले. ती बाकावर पदर तोंडाशी धरून बसली होती आणि डोळ्यांनी मला 'बोलू नको' म्हणत होती. एकीकडे लेकरांच्या तोंडचा घास आणि खोटारडा म्हणून लागणारा डाग. दुसरीकडे तिचा नवस आणि, तिच्या लेखी, माझा जीव. मी दादाचे नाव घेतले नाही. तिथे उभा असलेला मी नामदेव की फरशीवर लोळलेला नामदेव, हेही क्षणभर मला सांगता आले नसते.

मग आईला पुढे बोलावले. समोरच्या वकिलांनी विचारले, "लोटांगण कोणी घातलं?"

"माझ्या नामदेवानं," आई ठणठणीत म्हणाली.

झाले! मला वाटले दावा बुडाला. अप्पा आता तिला दरडावणार, शपथेची आठवण देणार, 'खरे बोला' म्हणणार, असेच सगळ्यांना वाटले. दुसऱ्या कोणत्याही वकिलाने तेच केले असते. अप्पा उठले. असले नवस त्यांनी या मुलुखात पुष्कळ पाहिले असावेत. चिमूटभर तपकीर त्यांनी बोटांत धरली होती, ती तशीच डबीत टाकली. आईच्या समोर गेले आणि लेकाने विचारावे तसे विचारले, "आई, नामदेव लोटांगण घालत व्हता, तवा त्याच्या मागं नारळ घिऊन कोण चालत व्हतं?"

"नामदेव," आई म्हणाली.

मुन्सफसाहेबांनी पेशकाराकडे, आपल्या कारकुनाकडे, पाहिले. पेशकाराने उर्दूत पुन्हा सांगितले आणि तोही अडखळला. साहेब म्हणाले, "ये क्या माजरा है? दो नामदेव?"

"व्हय सायेब," आईने अप्पांच्या आधीच उत्तर दिले. "एक द्येवीचा, एक माझा."

अप्पांनी फक्त एवढेच विचारले, "मोटारीत कोण बसला व्हता, आई?"

आईने हात लांब करून मला दाखवले. "ह्यो. मान वाकत न्हाय त्यो. ह्याला चूल फुकाया सुदिक वाकता येत न्हाय, सायेब. ह्याला मी हातानं जोडे घालते." आणि ती तिथे उभ्या उभ्या रडू लागली. हारवालाच मोठ्याने म्हणाला, "आरं तिच्या, मंग त्यो लोळणारा लई जाड व्हता ते बराबर हाय!" दगडूदादा माझ्या दुप्पट होते. साहेबांनी रुमालाने तोंड झाकले. ते हसत होते की काय, मला सांगता येणार नाही.

निकाल माझ्या बाजूने लागला. भरपाई मागितली त्याहून कमीच मिळाली, पण घर तरले. त्या दिवशी बाहेर आल्यावर मी अप्पांना विचारले, "आईला सरळच का नाही विचारलं, दादानं घातलं का म्हणून?" ते म्हणाले, "तुमची मान सरळ कराया तुमच्या आईचा देव वाकवायचा का?" आणि रागावून पुढे चालू लागले. शिवणकाम सुटले तेव्हा त्यांनीच मला जवळ बसवून उर्दू शिकवली, शिव्या देत देत. पुढे राज्य गेले, उर्दू गेली, तेव्हा मराठी अर्जाचा मसुदाही त्यांनीच शिकवला, शिव्या मात्र त्याच राहिल्या.

निकालाच्या दिवशी आईला रकमेचे काहीच नव्हते. तिने अप्पांचा हात धरून विचारले, "वकीलसायेब, माझा नवस मोडला तर न्हाय ना?" अप्पा ओट्यावर तिच्याजवळ बसले. निकालाचे उर्दू वाचन त्यांनी ऐकले होते, आईला त्यातले अक्षर कळले नव्हते. म्हणाले, "आई, अदालतीनं सोत्ता लिवलंय, नामदेवाचा नवस फिटला म्हणून. आता द्येवीला बी त्ये मोडता येणार न्हाय." त्यानंतर आई जगली तितकी वर्षे निवांत झोपली.

अप्पांना पंचाहत्तर पूर्ण होत आहेत. त्यांच्या ओट्यावर अजून माणसे येतात आणि अजून अप्पाच उठून बाहेर येतात. ते येणे असेच चालू राहो, त्यांचे गुडघे, त्यांचे डोळे आणि त्यांचा तो खणखणीत राग शंभरीपर्यंत शाबूत राहो, एवढेच आईभवानीकडे मागणे आहे. समारंभात सगळे त्यांच्या पायाशी वाकतील. मी तेवढा ताठ उभा दिसेन. कुणी गैरसमज करून घेऊ नये. अप्पांना ठाऊक आहे, त्या गर्दीत सगळ्यात खाली वाकलेला मीच असेन.