खाऱ्या पाण्याची जट

मी चौदा वर्षांची असताना आईनं मला मावशीच्या बाळंतपणाला धाडलं. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. तिचे यजमान अलिबागकडच्या एका खाडीकाठच्या गावात मिठागरावर मुकादम होते. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. चौथी होऊन माझी शाळा सुटलेली, म्हणून माझीच रवानगी झाली.

आमचं गाव पौडजवळ, रिह्याच्या खोऱ्यात. ओढ्यावर जावं, खडकावर बसून डोकं घासावं, उन्हात केस पसरून वाळवावेत, एवढंच मला माहीत होतं. पाणी खारट असू शकतं हे कधी मनातही आलं नव्हतं. माझे केस कमरेखाली येत. रंगानं मी सावळी आणि अंगानं किडकिडीत, त्यामुळं आईची सगळी मदार त्या केसांवर. कोणी पाहुणी आली की आई काहीतरी निमित्त काढून मला पाठमोरी उभी करायची.

मावशीच्या परसात विहीर होती. होळी झाली की तिच्यात खाडीचं पाणी झिरपायचं. प्यायचं गोडं पाणी वरच्या वाडीतून डोक्यावर आणावं लागे. भांडी, धुणं, अंघोळ सगळं त्या खाऱ्या विहिरीवर. पहिल्याच दिवशी मी डोक्याला साबण लावला तर फेसच येईना. उलट केसांत पांढरा चिकट साका बसला. आतल्या खोलीतून बाजेवर पडल्या पडल्या मावशी म्हणाली, "अगं, साबण नको लावूस. आणि शेवटचा तांब्या गोड्या पाण्याचा घे, नाहीतर मीठ तसंच राहील."

मी बरं म्हटलं. पण हंड्यात पाणी असायचं तेवढंच. त्यात बाळाचं करायचं, बाळंतिणीला प्यायला उकळायचं, मुकादमांचा चहा व्हायचा. पाहुण्या पोरीनं केसांसाठी त्यातलं पाणी घ्यायचं, याची मला लाज वाटे. मावशीनं विचारलं की मी "घेतलं" म्हणायची आणि ओले केस तसेच गुंडाळून अंबाडा घालायची.

आठवड्याभरात केस काथ्यासारखे झाले. मीठ केसांतला ओलावा आणि तेल ओढून घेतं, मग एकेक केस खरखरीत होऊन शेजारच्या केसाला धरतो, हे पुढं कितीतरी वर्षांनी मला समजलं. तेव्हा एवढंच कळत होतं की फणी आत शिरत नाही. जोर लावला तर फणीचे दात मोडले. बाळाचं दुपटं, शेक, धुरी यातून सवड कुठली? वरवर तेलाचा हात फिरवायचा आणि अंबाडा तसाच ठेवायचा, हे अंगवळणी पडलं.

वैशाखात घरी आले. आईनं मला पुढ्यात बसवून अंबाडा सोडला आणि तिचा हात थांबला. मानेवर मुठीएवढा गोळा झाला होता. घोंगडीसारखा घट्ट. आईनं त्यावर तेल ओतलं आणि बोटांनी सोडवायला लागली. तेवढ्यात माझी चुलती आत आली.

"हात लावू नगंस," ती ओरडली. "जट हाय ही. देवीची जट."

"कशाची देवी?" आई म्हणाली. "मिठाच्या पाण्यानं गुंतल्यात केस."

"मिठानं जट आल्याली तू बघितलीस का कुटं? देवीनं पोर मागितलीया. हिला फणी लावलीस तर घरादारावर येईल, सांगून ठिवते."

आबा, म्हणजे माझे वडील, दारात उभे राहून ऐकत होते. दोन वर्षांमागं त्यांचा थोरला भाऊ, चुलतीचा नवरा, साप चावून गेला होता, तेव्हापासून घरात देवाधर्माचं चुलती म्हणेल तेच होई. आईनं तेलाचं भांडं बाजूला सरकवलं.

मग मंगळवारी-शुक्रवारी माझ्या जटेला हळदकुंकू लागायला लागलं. मी ओढ्यावर गेले की बायका धुणं थांबवून वाट देत. मैत्रिणी माझ्याशी जपून बोलत, हसताना आधी एकमेकींकडं बघत. कासारसाईच्या एका घरून मला मागणी आली होती. त्यांनी निरोप धाडला, देवीची पोर आम्ही कशी नांदवायची? त्या दिवशी आबा जेवले नाहीत.

आणि त्या जटेचा वास येई. शिळं तेल, घाम, ओलं राहून कुबट झालेले केस. आत उवा झाल्या होत्या. रात्रंदिवस खाज सुटे, पण चारचौघांत खाजवायची सोय नव्हती, कारण लोक त्याच गोळ्याला हात जोडत. कोणी वाकून पुढं आलं की मला वाटायचं, यांना वास आला असणार. मी भिंतीला पाठ लावून बसायला शिकले.

एका मंगळवारी डोंगरावरच्या वाडीतली एक बाई आली. कडेवर तीनेक वर्षांचं पोर, तापानं फणफणलेलं. ती अंगणातच गुडघ्यावर बसली.

"आई, पोराच्या डोईवरनं हात फिरव," ती मला म्हणाली.

माझ्या आईहूनही वयानं मोठी ती बाई. मला आई म्हणत होती. माझे कान तापले.

"मावशे, ही देवीची न्हाई," मी म्हटलं. "खाऱ्या पाण्यानं झालीया. साबणाचा साका बसलाय आत. मी कुणी न्हाई."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. "देवी आशीच बोलती. पारख करती माणसाची." असं म्हणून तिनं माझ्या पायांवर कपाळ टेकलं. माझे पाय शेणानं भरलेले होते, नुकती गोठ्यातून आले होते. मला पाय मागं घेता येईनात, कारण तिनं ते दोन्ही हातांनी धरले होते.

मी पोराच्या डोक्याला हात लावला तो ताप बघायला. चटका बसावा इतकं ते गरम होतं. मी ओरडले, "आबा, गाडी जुंपा. ह्याला पौडला दवाखान्यात न्यायला पायजे."

आबांनी एकदा चुलतीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग बैल सोडून आणले. बाई जायला तयार नव्हती. शेवटी मी म्हटलं, "देवीच सांगतीया, जा." तेव्हा ती गाडीत बसली. ते बोलताना जीभ जड झाली होती.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तशी मी आत जाऊन कातर आणली आणि आईच्या हातात दिली. "तू कापतीस का मी कापू?"

आईनं कातर घेतली. "काय व्हायचं ते माझं होऊ दे," एवढंच ती पुटपुटली. कातर त्या गोळ्यातून जाईना. कुरतडत कुरतडत तिनं तो सोडवला. मध्यभागी चिरल्यावर आत पांढुरका भुगा निघाला. आईनं तो बोटांवर घेऊन चुलतीपुढं धरला. "बघा जाऊबाई. साबण हाय." चुलतीनं तोंड फिरवलं. पण पुढं आईनंच त्या कापलेल्या जटेवर हळदकुंकू वाहिलं आणि ती मुळा नदीत सोडून दिली. तिलाही भीती वाटतच होती.

पोराला हिवताप होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि तो बरा झाला. काही दिवसांनी बाई पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन आली. माझे केस मानेपर्यंत, वेडेवाकडे कापलेले. तिनं बघितलं आणि द्रोण खाली ठेवून स्वतःच्या गालावर चापट्या मारून घेतल्या.

"माझ्या पोरापायी जट दिलीस व्हय गं आई," ती रडत म्हणाली.

मी किती सांगितलं! गोळ्यांनी बरा झाला, डॉक्टरनं बरा केला. तिला ते पटेना. करवंदं मी खाल्ली नाहीत, धाकट्या भावंडांनी संपवली. आतापर्यंत देवीची पोर म्हणून मान खाली जायची. आता देवीचा कोप ओढवून घेतलेली, केस कापलेली पोर म्हणून जायला लागली. वर्षभर मी पदर कपाळावर ओढून वावरले.

केस वाढले. आधी राठ आले, मग ओढ्याच्या पाण्यानं हळूहळू मऊ झाले, पण पूर्वीसारखे लांब कधीच झाले नाहीत. माझं लग्न जांब्याला झालं. सासरी कोणी काही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

ती बाई पौडच्या बाजारात अधूनमधून दिसे. लाकडाची मोळी उतरवून बसलेली असे. मला बघितलं की ती बसल्या जागेवरून हात जोडायची. मी तिच्याशी कधी नीट बोलले नाही. ती दिसली की मी लाकडं न घेताच भाजीच्या पाट्यांमधून पलीकडच्या बाजूला वळायची आणि घरी जाऊन सांगायची की आज लाकडं चांगली नव्हती.