सासऱ्यांच्या मागची सीट

मोटरसायकल मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात शिकलो. मी ज्या वर्कशॉपात नोकरीला होतो तिथली एक गाडी होती आणि तयार झालेले सुटे भाग घेऊन निपाणी, सांगली, कधी बेळगावपर्यंत पोचवणं हे माझं काम. शिकवताना फोरमननं शिव्याच जास्त दिल्या. "चाकाकडं काय बघतोस? लांब बघ. म्होरच्या गाडीच्याबी म्होरं बघ." दोन्ही ब्रेक एकत्र दाबायचे, वेग वळणाच्या आधी उतरवायचा, वळणात नाही, आणि उसाच्या बैलगाडीला मागे दिवा नसतोच असं धरून चालायचं. हे सगळं अंगात इतकं मुरलं की दुसऱ्याच्या मागे बसायचं म्हटलं की मला घाम फुटायचा. आणि नशीब बघा, सासरे मिळाले ते मोटरसायकलवाले.

त्यांचं गाव मलकापूरच्या अलीकडे, रत्नागिरी रस्त्यावरून थोडं आत. पंचक्रोशीतली पहिली मोटरसायकल त्यांची. पांढरं धोतर, डोक्यावर फेटा, असे ते गाडीवर बसले की लोक काम सोडून बघायचे. दिवाळसणाला मी गेलो तेव्हा ते एस्टी स्टँडवर मला घ्यायला हजर. मी म्हटलं, "मामा, आणा इकडं, मी चालवतो. मला सवय हाय."

"जावयानं गाडी हाकायची आन् आमी मागं बसायचं? गावात त्वांड दाखवाय जागा ऱ्हाईल का? बसा पावणं, मागं बसा."

बसलो. गाडी रस्त्याच्या अगदी मधोमध, हॉर्न एकसारखा चालू. मला वाटलं, असेल रुबाब. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी रस्त्याच्या कडेला मोठ्यानं राम राम घातला. तिथे चुना लावलेला मैलाचा दगड होता. मला हसू आलं. मग त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "म्होरं म्हसरं हाईत नव्हं?"

म्हसरं नव्हती, डोक्यावर गवताचे भारे घेतलेल्या बायका होत्या. या माणसाला नीट दिसत नव्हतं. डांबर काळं आणि कडेची माती तांबडी, तेवढ्या फरकावर त्यांनी गाडी मधोमध धरली होती.

"बायका हाईत मामा. उजवीकडनं घ्या."

"दिसत्यात की मला," ते म्हणाले, आणि उजवीकडून घेतली.

तिथून गावापर्यंत मी त्यांना रस्ता सांगत गेलो, पण गप्पा मारल्याच्या सुरात. लई मोठा खड्डा पडलाय हो इथं. कुणाची बैलगाडी ही? ते "व्हय, व्हय" म्हणत आणि हँडल वळवत. खरं काय ते दोघंही बोललो नाही. तुम्हाला दिसत नाही, असं जावयानं सासऱ्याला म्हणायचं, तेही दिवाळसणाला? गावात शिरलो आणि बघतो तर हॉर्न ऐकून लोक आपणहून बाजूला होत होते. एक म्हातारी कोंबड्या हाकलत होती, एक जण बैलांची वेसण धरून उभा राहिला होता. सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि सगळं गाव त्यांचा मान राखत होतं. आजवर अपघात झाला नव्हता तो गावाच्या कृपेनं. सासूबाईंना मी विचारलं, मामांचे डोळे कुणाला दाखवलेत का? "डोळ्यास्नी काय झालंय?" म्हणून त्या आत निघून गेल्या.

पुढच्या वर्षी बायकोला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि न्यायला माहेरच्याच माणसानं यायचं, ही रीत. मी पोचवतो असं कळवलं, तर लेक आम्हाला जड झाली नाही, असा निरोप आला. आणि एका सकाळी आमच्या गल्लीत तो हॉर्न वाजला.

सासरे दारात उभे. मलकापुरापासून कोल्हापुरापर्यंत ते एकटे आले होते. पुढच्या मडगार्डला ताजा पोचा होता आणि धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलं होतं. "बांधाला जरा घासली," एवढंच बोलले.

मी करायचे तेवढे उपाय केले. इंजिनाचा आवाज बरा नाही, गाडी वर्कशॉपात ठेवू म्हटलं. त्यांनी मानलं नाही. तुम्ही दोघं एस्टीनं जा, गाडी मी रविवारी आणून देतो म्हटलं. "म्हंजी लोकं म्हणायची, गाडी जावयानं काढून घ्येतली." मग हिला एस्टीनं पाठवू, मीच तुमच्या मागे बसून येतो म्हटलं, तर मोठ्यानं हसले. "पावणं, मी लेकीला न्ह्याला आलोय, तुमास्नी न्हवं." वर्कशॉपची गाडी नेमकी त्या दिवशी बेळगावला गेलेली, नाहीतर पाठोपाठ तरी गेलो असतो. मी आतल्या आत नुसता धुमसत होतो. इतकं हतबल मला कधीच वाटलं नव्हतं. फोरमनची सगळी शिकवण डोक्यात होती आणि तोंडाला कुलूप होतं.

शेवटी बायकोला स्वयंपाकघरात गाठलं. "तू जाऊ नकोस. पोटात दुखतंय म्हण, काहीही म्हण. मामांना दिसत नाही."

ती पिशवीत साड्या भरत होती. तिचा हात थांबला नाही. "मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "लगीन व्हायच्या आधी मीच मागं बसून वाट सांगत हुतो."

"मग तरी? एस्टीनं जा ना."

"मी यष्टीनं गेलो तर अप्पा एकटंच परत जाणार की."

मी पिशवी उचलून बाहेर आणली.

ती पाय एका बाजूला सोडून बसली, एक हात सातव्या महिन्यातल्या पोटावर, दुसरा वडिलांच्या खांद्यावर. "वळणाच्या आधी हळू करायला सांग," एवढंच मी पुटपुटलो. सासऱ्यांनी किक मारली, फेटा सारखा केला, म्हणाले, "काळजी करू नगा." गाडी निघाली. गल्लीच्या तोंडाशी आडवी सायकल आली. बायकोनं वडिलांच्या कानाशी तोंड नेलं, गाडी मंदावली, सायकल निघून गेली.

कोपऱ्यावर ती मागे वळून बघेल म्हणून मी हात वर केला. तिनं बघितलं नाही. तिला रस्त्यावरून नजर काढता येत नव्हती.