अर्धा सूर खाली

“ताण कमी कर, मान वाकेल तिची.”

क्लासच्या पहिल्याच दिवशी आतल्या खोलीतून हे ऐकलं आणि मी दारातच थांबले. कोणाची मान? डोकावून पाहिलं, तर मान गिटारची होती. सत्तरीचे एक गृहस्थ एका शाळकरी मुलीला गिटारच्या तारा सैल करायला सांगत होते. पांढरी पोनीटेल, काळा टी-शर्ट, गुडघ्याला पट्टा. मालाडच्या आमच्या म्युझिक क्लासमधले हे गिटारचे सर. मी तिथे कीबोर्ड शिकवायला नुकतीच लागले होते, ‘तीन महिने बघू’ या बोलीवर.

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. रिक्षातून गिटार घेऊन उतरतो आणि वॉचमन त्याच्याकडे दोनदा बघतो.

तरुणपणी सर रॉक बँडमध्ये गायचे. “आम्ही चौघं होतो,” ते सांगत. “एक वारला, एक कॅनडात गेला, एकाला ऐकू येत नाही. उरलो मी, तोही अर्धा सूर खाली.”

यातलं शेवटचं अगदी शब्दशः खरं होतं. जुनी गाणी त्यांना मूळ पट्टीत झेपेनात, म्हणून ते सगळ्या तारा अर्धा सूर उतरवून लावत. “आवाज वर जात नाही ना, मग गाण्यालाच खाली बोलवायचं.” त्यांच्याबरोबर वाजवताना मला कीबोर्डवरचं एक बटण दाबावं लागे. मग छोट्या पडद्यावर शून्याऐवजी उणे एक दिसे आणि माझेही सूर तेवढेच खाली येत.

मी फार बोलत नसे. “काय मिस, आज पण मौनव्रत?” ते रोज विचारत. मी रोज नुसती हसे.

ते कांदिवलीला मुलाकडे राहत. चौथा मजला, लिफ्ट नाही. सून दिवसभर हॉलमध्ये लॅपटॉपवर, अ‍ॅम्प्लिफायर माळ्यावर. “घरी मी म्यूटवर असतो,” ते म्हणत. चार जिने उतरायला त्यांच्याकडे एकच कारण होतं, हा क्लास.

एकदा मुलं गेल्यावर म्हणाले, “रॉकमध्ये म्हातारं व्हायची सोयच ठेवली नाही गं. पंचविशीत वाटायचं, तिशीच्या पुढे कोण जगतंय? आणि बघ ना, जगलोच. आता करायचं काय?”

मी कीबोर्डवरचं ते बटण दाबलं. त्यांनी मान हलवली आणि गिटारचा प्लग लावला.

वार्षिक कार्यक्रमाच्या तालमीला पालक आले होते. शेवटचं गाणं सरांचं आणि माझं. नेमके सुरू करणार तेवढ्यात लाइट गेले, पाच मिनिटांनी आले. कीबोर्ड बंद होऊन सुरू झाला की ते बटण पुन्हा दाबावं लागतं. मी विसरले.

पहिल्याच ओळीला सगळं एकमेकांवर आदळलं. एका मुलाने कानांवर हात ठेवले. पालक हसले. क्लास चालवणाऱ्या मॅडम पुढे आल्या. “अंकल, काय हे? कान गेले का तुमचे?”

सरांनी माझ्या कीबोर्डच्या छोट्या पडद्याकडे पाहिलं. तिथे शून्य होतं. मग माझ्याकडे पाहिलं. माझे हात अजून पट्ट्यांवरच होते.

“गेले असतील,” ते म्हणाले. “वय झालं.”

“मग आता आराम करा घरी,” मॅडम म्हणाल्या. सरांनी गिटार पिशवीत घातली. जाताना माझ्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, “छान वाजवतेस.”

दहा दिवसांनी मी फोन केला. ते कुजबुजले, “बोल मिस. हळू हं, सूनबाईंची मीटिंग चालू आहे.”

“कसे आहात?”

“झकास. बाल्कनीच्या ग्रिलमधून कबुतरं मोजतो.” मग म्हणाले, “ती छोटी गिटारच्या तारा सैल करते ना?”

मी हो म्हटलं. जे सांगायला फोन केला होता, ते राहूनच गेलं. मागून सुनेने “बाबा, प्लीज” म्हटलं आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या केबिनमध्ये एक तरुण गिटार घेऊन बसला होता. सरांच्या बॅचेस त्याला द्यायचं चाललं होतं. काय बोलायचं ते मी रात्रभर इंग्लिशमध्ये जुळवलं होतं. दार उघडलं तर त्यातलं एकही वाक्य आठवेना.

“बोल, काय गं?” मॅडमनी विचारलं.

“मॅडम, सर बेसूर नव्हते. मी होते. त्यांना तेव्हाच कळलं होतं.”