प्युअर, जेन्युइन, टेस्टी

कळव्याला आमच्या इमारतीमागे कोळीवाडा आहे. तिथल्या एक मावशी जवळ्याची, म्हणजे सुकवलेल्या अगदी बारीक कोळंबीची, कोरडी चटणी करून विकतात. मध्यंतरी त्यांनी पाकिटं छापून घेतली. ‘शुद्ध’ असं इंग्रजीत टाक, एवढं त्यांनी छपाईवाल्याला सांगितलं होतं. त्याने वर ठळक हिरव्या अक्षरांत ‘प्युअर’ छापलं आणि खाली बारीक इंग्रजीत ‘जवळा चटणी’. मांसाहाराची खूण मागच्या बाजूला गेली.

डोंबिवलीतल्या एका किराणा दुकानदाराने ही पाकिटं कारळ्याच्या आणि लसणीच्या चटण्यांशेजारी लावली. कळव्याबाहेर मावशींचा माल ठेवणारं ते एकच दुकान होतं. तिथल्या एका शाकाहारी आजोबांनी ‘प्युअर’ नीट वाचलं, ‘जवळा’ मात्र ‘जवस’ असं वाचलं आणि ती चटणी दहीभाताशी खाल्ली. दुसऱ्या दिवशी पाकिटामागची खूण दिसली तेव्हा ते दुकानात आले. चटणी टेस्टी होती, म्हणाले, तक्रार शब्दाबद्दल आहे. दुकानदाराने मावशींना निरोप पाठवला की शब्द बदला, नाहीतर उरलेला माल घेऊन जा.

मी वर्तमानपत्रात मजकूर तपासतो, म्हणून मावशी पाकीट घेऊन माझ्याकडे आल्या. चटणीत भेसळ नाही, मग प्युअर का नाही, हा त्यांचा प्रश्न होता. हॉटेलांच्या पाट्यांमुळे हा शब्द आपल्याकडे व्हेजला चिकटलाय, असं मी सांगितलं. त्यांना ते पटलं नाही, पण दुकान हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

मग एकेक शब्द घेतला. ‘ओरिजिनल’ म्हटलं तर बाजारात डुप्लिकेटही आहे असं वाटेल, असं त्या म्हणाल्या. ‘जेन्युइन’ त्यांनी चपलेच्या खोक्यावर पाहिलं होतं. ‘फ्रेश’ला त्या हसल्या, उन्हात वाळवलेल्या मालाला फ्रेश म्हटलं तर वाड्यातल्या बाया पिच्छा सोडणार नाहीत. शेवटी मी ‘टेस्टी’ सुचवलं. आजोबांचाच शब्द होता, कुणाला खटकणार नव्हता.

मावशींनी मान हलवली.

“टेस्टी खाणाऱ्यानं बोलायचं रे. मी कशी बोलू? मी जवला तीनदा पाखडते, रेती काढते. तेवढं लिव.”

म्हणजे शुद्ध म्हणताना त्यांना भेसळीपेक्षा रेती सांगायची होती. ‘क्लीन’ बरोबर बसत होतं. साबणाची जाहिरात वाटेल, ही शंका मी बोलून दाखवली. वाटू दे, म्हणाल्या. नवीन पाकिटावर ‘क्लीन’ आलं, ‘जवळा’ मोठ्या मराठी अक्षरांत आलं आणि खूण पुढे आली.

पाकिटं पोचवायला मावशी स्वतः डोंबिवलीला गेल्या. दुकानदाराने पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि क्लीन म्हणजे काय, असं विचारलं. रेती नाय, मावशी म्हणाल्या. त्याने चटण्यांचा कप्पा सोडून अंड्यांच्या ट्रेशेजारी जागा केली.