सोर्स दाखवणारं बटन

“सोर्स दाखवायचा नाही,” आमचे बॉस माथुर सर म्हणाले. “उद्या कोणीही कॉपी करेल.”

आमचं ऑफिस जयपूरच्या राजा पार्कात. आम्ही हॉस्पिटलांसाठी लायब्ररी बनवतो, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामर्सनी आपल्या सॉफ्टवेअरला जोडायचा तयार कोड. आमची लायब्ररी मुलांच्या वजनावरून औषधाचा डोस काढते. तिचं डॉक्युमेंटेशन, म्हणजे ती कशी वापरायची याची माहिती, हाताने लिहिलेलं नाही. कोडमध्ये प्रत्येक फंक्शनच्या, म्हणजे एक काम करणाऱ्या तुकड्याच्या, वर कमेंट असते: हे काय करतं याची दोन ओळींत माहिती. एक टूल त्या कमेंट्स उचलून वेबपेज तयार करतं. त्यातलं एक सेटिंग चालू केलं की प्रत्येक माहितीखाली ‘सोर्स’ बटन येतं. ते दाबलं की खरा कोड दिसतो. एका नव्या हॉस्पिटलसाठी ते चालू करावं, असं मी सुचवलं होतं.

“सर, कोड तर आपण त्यांना देतोच. फक्त शोधायला लागू नये, एवढंच.”

सरांनी थोडा विचार केला. “ठीक आहे. फक्त या एका हॉस्पिटलला.”

त्याच आठवड्यात हॉस्पिटलच्या प्रोग्रामर नेहाचा फोन आला. ती मराठी, पण जयपुरातच वाढलेली. माझ्याशी हट्टाने मराठी बोलते.

“ताई, इथे लिहिलंय वजन दशांशात चालेल. पण खाली कोडमध्ये पॉइंटनंतरचं सगळं कापलंय. मतलब, पावणेतीन किलोचं बाळ दोन किलोचं धरणार?”

मी पेज उघडलं. तिचं बरोबर होतं. मूळ कोड दशांश घेत होता. नंतर कोणीतरी तो बदलला, कमेंट तशीच राहिली. टेस्टमध्ये आम्ही दहा, बारा, पंधरा अशा पूर्ण किलोंची मुलं घेतली होती, त्यामुळे सगळं पास.

माझी मुलगी जन्मली तेव्हा पावणेतीन किलोचीच होती.

“वॉर्डात सुरू केलंय का?” मी विचारलं.

“नाही. सोमवारी करणार होतो.”

“थांबवा. आजच दुरुस्त करून पाठवते.”

कोड सुधारला, नवजात बाळांच्या वजनांच्या टेस्ट घातल्या. नेहाने स्वतः तपासून पाहिलं, मगच वॉर्डात सुरू केलं. माथुर सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी ते ‘सोर्स’ बटन स्वतः दाबून पाहिलं. मग म्हणाले, “सगळ्या क्लायंट्सना चालू करून टाका.”

कॉम्प्युटर कमेंट वाचत नाही. ती फक्त माणसं वाचतात, आणि विश्वास ठेवतात.