पान अकरावरची सही

शिवाप्पांना चोर ठरवून फाउंड्रीबाहेर काढलं, तेव्हा त्यांची मुलगी सौंदर्या बारावीत होती. साल शहाण्णव.

शिवाप्पा पॅटर्न स्टोअर सांभाळायचे. पॅटर्न म्हणजे लाकडी नमुना. तो वाळूत दाबून साचा करायचा आणि साच्यात लोखंडाचा रस ओतायचा. असे दोन हजारांवर पॅटर्न शिवाप्पांच्या नजरेत होते. मालकाचा मुलगा अमरसिंह पुण्याहून शिकून आला, त्यानं रजिस्टर धरून मोजदाद केली आणि चारशे सतरा नंबरचा एक पॅटर्न कमी भरला.

"साहेब, त्या नंबरचं दोन हायत," शिवाप्पा सांगू लागले. "एक जुन्या मापाचा, एक नव्या. नवा मशीनशॉपला गेलाय, बघा की."

"चोराला लई बोलाय लागतंय," अमरसिंह म्हणाला.

पाळी सुटायच्या वेळी, दोनशे कामगारांसमोर, वॉचमननं शिवाप्पांची पिशवी गेटवर उलटी केली. चार दिवसांनी पॅटर्न मशीनशॉपमध्येच सापडला. ही बातमी कळंब्यातल्या त्यांच्या घरी एका कामगाराकडून आली. फाउंड्रीतून कुणी आलं नाही. शिवाप्पा पुढं लाकडाच्या वखारीत बसू लागले. घरात बोलणं कमी झालं. जेवता जेवता मध्येच थांबायचे आणि म्हणायचे, "दोन हुते. सांगितलं हुतं मी." सात वर्षं सौंदर्यानं हे ऐकलं. तिच्यात ते मुरत गेलं.

दोन हजार तीनमध्ये ती राजारामपुरीतल्या बाळासोंच्या सॉफ्टवेअर कंपनीत होती. गिऱ्हाइकाकडं जायचं, त्याचं काम कसं चालतं ते खोदून खोदून विचारायचं आणि सॉफ्टवेअरमध्ये काय काय हवं ते लिहून आणायचं, हे तिचं काम. त्यात ती वाकबगार होती. समोरचा म्हणाला, "आमच्यात असंच होतं," की ती शांतपणे विचारायची, "आणि तसं नाही झालं तर?" त्या एका प्रश्नावर आपली कंपनी उभी आहे, असं बाळासो कौतुकानं सांगायचे.

एके दिवशी त्यांनी तिच्यासमोर कागद ठेवला. अमरसिंहाच्या फाउंड्रीनं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नवं युनिट टाकलं होतं आणि त्यांना पॅटर्न स्टोअर कॉम्प्युटरवर आणायचं होतं. नाव वाचून तिचे कान तापले. "जाते मी," ती म्हणाली.

अमरसिंहानं तिला ओळखलं नाही. आडनावसुद्धा विचारलं नाही. चहा मागवला आणि खुर्चीत रेलून सांगू लागला, "एकदम सोपं हाय बघा मॅडम. एक नंबर, एक पॅटर्न, एक फळी. कॉम्प्युटर चिठ्ठी देईल, त्या फळीवरचा पॅटर्न माणसानं उचलून द्यायचा. डोकं चालवायचं न्हाई. डोकं चालवणाऱ्यांनीच वाटोळं केलंय आमचं."

सौंदर्याचं पेन थांबलं. एका नंबराचे दोन पॅटर्न असतात, गिऱ्हाइकानं माप बदललं की नवा करतात आणि जुना सुट्या भागांसाठी ठेवतात, हे तिला पाठ होतं. तिचा नेहमीचा प्रश्न ओठावर आला. तिनं तो गिळला.

"हेच लिहू?" तिनं विचारलं.

"हेच लिवा."

तिनं त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवले. पक्की प्रत घेऊन गेली तेव्हा प्रत्येक पानावर त्याची सही घेतली. हा नियम होता त्या पान अकरावर त्यानं न वाचताच सही ठोकली. कागलहून परतताना एसटीत तिला हसू आवरेना. बाजूची बाई तिच्याकडं बघायला लागली.

सॉफ्टवेअर सुरू झालं. चार महिन्यांनी फाउंड्रीची तीनशे बारा कास्टिंग, म्हणजे ओतून केलेले भाग, गिऱ्हाइकानं परत पाठवली. ऑर्डर नव्या मापाची आणि माल जुन्या मापाचा. चिठ्ठीतल्या फळीवर त्याच नंबराचा जुना पॅटर्न होता. वर गिऱ्हाईकही तुटलं.

सौंदर्यानं घरी येऊन वडिलांना सगळं सांगितलं, गिळलेल्या प्रश्नासकट. शिवाप्पांनी आधी पॅटर्नचा नंबर विचारला, मग परत आलेल्या मालाचा आकडा. "तीनशे बारा!" ते म्हणाले आणि मांडीवर थाप मारून इतके हसले की ठसका लागला. "शाब्बास, यव्वा!" त्या दिवशी त्यांनी भाकरी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी बाळासोंबरोबर ती कागलला गेली. गेटजवळ एक बाई पदर डोळ्याला लावून बसली होती, शेजारी एक पुरुष जमिनीकडं बघत उभा होता. पॅटर्न स्टोअरमधला गुंडू. सॉफ्टवेअर शिकवताना त्याला चिठ्ठी वाचायला तिनंच शिकवलं होतं.

"काय झालं, गुंडूभाऊ?"

त्याच्या बायकोनंच, बायडाबाईनं, उत्तर दिलं. "दुसऱ्या फाउंड्रीकडनं पैसं खाऊन मुद्दाम चुकीचा पॅटर्न दिला म्हनं ह्येंनी. काल समद्यांम्होरं काढलं. चिठ्ठीत हुतं त्येच दिलं की वो ह्येंनी!"

सौंदर्यानं एकावर नेम धरला होता आणि घाव दुसऱ्यावर बसला होता. तोही अगदी तिच्या बापावर बसला होता तसाच.

केबिनमध्ये अमरसिंह कडाडला, "तुमच्या सॉफ्टवेअरनं घात केला माझा!"

बाळासोंनी फाइल उघडून पान अकरा पुढं केलं. सही बघून अमरसिंहाचा चेहरा उतरला. तो तिच्याकडं वळला. "पण तुम्ही विचारायचं की! एका नंबराचं दोन असतील तर, म्हणून!"

आता गप्प बसली असती तरी चाललं असतं. कागद तिच्या बाजूनं होता.

"विचारायचंच होतं," ती म्हणाली. "मला माहीत होतं दोन असतात. मी मुद्दाम विचारलं नाही. शहाण्णव साली माझ्या बापानं तुम्हाला हेच सांगितलं होतं, चारशे सतराचे दोन हायत म्हणून. तुम्ही त्याला चोर म्हणालात. मी शिवाप्पांची मुलगी."

बाळासोंनी फाइल मिटली, पण ती थांबली नाही.

"तुमचं नुकसान झालं त्याचं मला काडीचं दुःख नाही. पण गुंडूनं काही खाल्लं नाही. त्याला आत घ्या, आणि ज्यांच्यासमोर काढलंत त्यांच्यासमोर घ्या. नाही घेतलंत तर तुमची सही आणि माझा कबुलीजबाब घेऊन मी लेबर कोर्टात त्याच्या बाजूनं उभी राहीन."

गुंडूला संध्याकाळच्या पाळीला परत घेतलं. सौंदर्याची नोकरी मात्र त्याच दुपारी गेली. बाळासो ओरडले नाहीत. "तू माझ्या नावावर सूड घेतलास, पोरी," एवढंच म्हणाले. ते तिला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

पंधरा दिवसांनी अमरसिंहाची गाडी कळंब्याला दारात थांबली. दुहेरी पॅटर्न कुठले आणि कुठं आहेत, हे सांगणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. तो चप्पल काढून आत आला. "चुकलं माझं, काका," म्हणाला. शिवाप्पांनी ऐकून घेतलं, पाणी दिलं, चहा दिला.

"मग, येताय न्हवं?"

"न्हाई," शिवाप्पा म्हणाले. "चिठ्ठीवरचा नंबर बघून हुडका."

गाडी गेल्यावर मात्र त्यांनी गुंडूला निरोप धाडला. पुढं चार रविवार दोघं घराच्या बाहेरच्या सोप्यात बसून होते. एका नंबराचे दोन पॅटर्न कसे ओळखायचे, कसे मांडायचे, हे शिवाप्पा सांगत होते, गुंडू वहीत लिहीत होता. ती वही घेऊन गुंडू दुसऱ्याच फाउंड्रीत स्टोअरकीपर म्हणून लागला, वाढीव पगारावर.

सौंदर्यानं पुढं शाहूपुरीत एक खोली घेऊन स्वतःचं काम सुरू केलं. अमरसिंहाचं तिला कधीच वाईट वाटलं नाही. गुंडूच्या घरी ती एकदा खरं सांगायला गेली. बायडाबाईनं सगळं ऐकलं, आणि त्यानंतर सौंदर्याला कधी 'बस' म्हटलं नाही.